खांदा कोण देणार?
(मृत्यू आणि सार्वकालिक जीवनाची आशा : एक अभ्यास)

शास्त्रपाठ : योहान ११:१७-४४, १ करिंथ १५:२०-२६, १ थेस्सल. ४:१३-१८

डिचोली तालुक्यात, आमच्या कारापूर-साखळीच्या परिसरात, मराठी प्रॉटेस्टंट कुटुंबे थोडी व विखुरलेली. अशा ठिकाणी वयस्कर माणसांच्या तोंडून एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "मी गेल्यावर खांदा कोण देणार?" जवळच हरवळ्याला रुद्रेश्वराच्या सान्निध्यात हिंदू बांधव आपल्या मृतांची उत्तरक्रिया करतात. कॅथलिक बांधव मृतांसाठी मिस्सा अर्पण करतात व २ नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावतात. मग शेजारी आपल्याला विचारतात, "तुमच्यात मेलेल्यासाठी काय करतात?" या दोन्ही प्रश्नांना शास्त्राधारे उत्तर देता यावे, म्हणून हा अभ्यास.

१. मृत्यू हा वैरी आहे

पौल मृत्यूला मित्र म्हणत नाही. शेवटचा शत्रू म्हणतो (१ करिंथ १५:२६). लाजाराला आपण उठविणार हे प्रभूला ठाऊक होते, तरी कबरेकडे जाताना तो रडला (योहान ११:३५). म्हणून दुःखी घरी जाऊन "रडू नका, विश्वासणाऱ्याने रडायचे नसते" असे सांगणे शास्त्राला धरून नाही. पौलाने थेस्सलनीकाकरांना शोक करण्याची मनाई केली नाही. आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, एवढेच सांगितले. अश्रू आणि आशा एकाच घरात राहू शकतात.

पंडिता रमाबाईंचे चरित्र या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. दुष्काळाच्या काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे वारले. पाठोपाठ आई व थोरली बहीणही गेली. आईचा देह उचलायला माणसे मिळेनात. शेवटी दोन ब्राह्मणांना दया आली आणि भावाबरोबर चौथा खांदा रमाबाईंनी दिला. उंची कमी पडल्यामुळे तो भार त्यांना डोक्यावर घ्यावा लागला. पुढे १८८० साली भाऊ गेला. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने वारले, तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. "खांदा कोण देणार?" हा प्रश्न या बाईने असा प्रत्यक्ष सोसला होता.

२. आपली आशा कशावर उभी आहे?

लाजाराच्या बहिणीने, मार्थेने, शेवटल्या दिवसाच्या पुनरुत्थानावरील विश्वास बोलून दाखविला. प्रभूने तिला उत्तर देताना स्वतःकडे बोट दाखविले : पुनरुत्थान व जीवन मीच आहे (योहान ११:२५). म्हणजे आपली आशा एका व्यक्तीवर उभी आहे. "आत्मा अमर आहे" एवढे म्हटल्याने ख्रिस्ती आशा पुरी होत नाही. जो ख्रिस्त देहाने मेला, पुरला गेला व तिसऱ्या दिवशी उठला, तो आपल्यालाही उठवील, ही ती आशा होय.

पौल त्याला प्रथमफळ म्हणतो. गोव्यातल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. 'नव्या'च्या दिवशी भाताची पहिली कणसे घरी आली की मागे उभे शेत आहे हे तो जाणतो. ख्रिस्त हे पहिले कणीस. प्रभूमध्ये निजलेले सर्व त्या एकाच शेतातले. दाणा मातीत जातो, आणि देव त्याला नवे शरीर देतो (१ करिंथ १५:३६-३८).

मधल्या काळात ते कोठे असतात? पश्चात्तापी चोराला प्रभूने त्याच दिवशी आपल्याबरोबर असण्याचे अभिवचन दिले (लूक २३:४३). पौलालाही मरण म्हणजे ख्रिस्तापाशी जाणे वाटत होते (फिलिप्पै १:२३). याहून अधिक तपशील शास्त्र देत नाही. आपणही कल्पनेने भर घालू नये. मात्र हे जीवन मेल्यावरच सुरू होते असे नाही. जो ऐकतो व विश्वास ठेवतो तो आताच मरणातून जीवनात आला आहे (योहान ५:२४).

३. मग मृतांसाठी आपण काय करतो?

मृत विश्वासणारा ख्रिस्ताच्या पूर्ण झालेल्या कार्यावर विसंबून गेला आहे. त्याच्या तारणात आपल्या विधीने किंवा जेवणावळीने भर पडत नाही. "काही केले नाही तर त्याचा आत्मा भटकेल" या भीतीने कर्ज काढून पंगती घालणे, हे त्या कार्यावर अविश्वास दाखविणे होय. शेजाऱ्यांच्या रीतीची टवाळी मात्र करू नये. त्यांच्याही मागे प्रेम व ओढ असते. आपण उपकारस्तुती करतो, देह आदराने मातीला देतो, आणि मागे राहिलेल्यांकडे वळतो.

येथे मंडळीची परीक्षा होते. प्रभूचे शिष्य पांगले होते. तरी अरिमथाईकर योसेफाने पुढे होऊन देह मागितला, आणि निकदेम सुमारे शंभर रत्तल सुगंधी द्रव्ये घेऊन आला (योहान १९:३८-४०). ज्याने आपला भार वाहिला त्याचा देह वाहायला देवाने माणसे उभी केली. ती माणसे आज आपण व्हायचे आहे. आसपासच्या चार-पाच कुटुंबांनी आधीच ठरवावे : निरोप कोण देईल, दफनाची जागा कोण पाहील, पहिले आठ दिवस त्या घरी जेवण कोण पोचवील. शेजारी हिंदू वा कॅथलिक बांधव खांदा द्यायला आले, तर तो कृतज्ञतेने स्वीकारावा. विधवेला शुभप्रसंगी मागे बसविण्याची चाल तर आपल्या घरांत मुळीच नसावी. विधवा व अनाथ यांचा समाचार घेणे हीच शुद्ध धार्मिकता, असे याकोब म्हणतो (१:२७).

रमाबाईंनी हेच केले. आईला खांदा द्यायला माणसे मिळाली नव्हती. त्यांनी केडगावला मुक्तिसदनात शेकडो विधवा व अनाथ मुलींना घर दिले. २४ जुलै १९२१ रोजी त्यांची एकुलती मनोरमा, त्यांच्या कार्याची पुढची आशा, वयाच्या चाळिसाव्या वर्षी गेली. आजारी, वृद्ध आईने हातातले काम सोडले नाही. पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराची मुद्रिते त्या अखेरच्या दिवसांतही तपासत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूमध्ये निजल्या; संपूर्ण शास्त्र १९२४ साली बाहेर पडले. प्रभूमध्ये केलेले श्रम व्यर्थ नाहीत (१ करिंथ १५:५८), या वचनाची साक्ष याहून वेगळी काय असणार?

चर्चेसाठी प्रश्न

१. दुःखी घरी आपण सहसा काय बोलतो? त्यातले शास्त्राला धरून किती?
२. भीतीपोटी पाळलेली एखादी रीत आपल्या घरात आहे काय?
३. आपल्या जवळचे कोणते वयस्कर भाऊ किंवा बहीण एकटी आहे? या आठवड्यात त्यांच्याकडे कोण जाईल?

प्रार्थना : हे प्रभू, तू मरणातून उठलास. आम्हांला तुझ्या आशेत रडायला, आणि एकमेकांचा भार वाहायला शिकव. आमेन.