गुडघ्याची वाटी वारंवार का सरकते? शस्त्रक्रियेत नेमकं काय करतात?



खो-खो खेळताना एखादी मुलगी झटकन वळते आणि किंचाळून खाली बसते. गुडघ्याची वाटी बाहेरच्या बाजूला गेलेली असते. पाय सरळ केला की ती बऱ्याचदा आपोआप जागेवर येते. मग कुणीतरी म्हणतं, "काही नाही, बसली जागेवर!" पण काही महिन्यांनी जिना उतरताना पुन्हा तेच होतं. हळूहळू ती मुलगी पळायलाच घाबरते. असं का होतं, ते आज पाहू.

एक प्रयोग करा. जमिनीवर बसून पाय सरळ आणि सैल सोडा. वाटी बोटांनी हलते ना? आता गुडघा वाकवा. वाटी घट्ट झाली! मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला एक खोबण असते. गुडघा वाकला की वाटी तिच्यात शिरते. पाय जवळजवळ सरळ असताना, म्हणजे साधारण ३० अंश वाकेपर्यंत, खोबणीचा आधार कमी असतो. तेव्हा वाटीला बाहेर जाण्यापासून रोखतो तो आतल्या बाजूचा एक अस्थिबंध. डॉक्टर त्याला 'एमपीएफएल' म्हणतात. वाटी पहिल्यांदा सरकते तेव्हा सहसा हाच फाटतो. तो सैलच भरून आला, तर वाटी पुन्हा सरकू शकते.

पहिल्या वेळी बहुतेकदा पट्टा आणि व्यायाम पुरतो. कूर्चेचा तुकडा निघाला असेल तर मात्र लवकर शस्त्रक्रिया लागू शकते. वाटी वारंवार सरकत असेल, तर एक्स-रे, एमआरआय आणि गरजेनुसार सीटी स्कॅन करून आधी कारण शोधतात. कारण बदललं की शस्त्रक्रियाही बदलते.

१) अस्थिबंध निकामी झाला असेल तर: बहुधा रुग्णाच्याच मांडीतली एक स्नायुरज्जू घेऊन वाटी आणि मांडीचं हाड यांच्यामध्ये नवा बंध बसवतात. तो फार ताणला तर वाटीवर दाब वाढून गुडघा दुखतो. म्हणून जागा आणि ताण अचूक हवा.

२) ओढीची दिशा चुकीची असेल तर: वाटीखालची रज्जू नडगीच्या हाडावरच्या उंचवट्याला जोडलेली असते. हा उंचवटा खोबणीच्या मध्यापासून २० मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर असेल, तर तो कापून आत सरकवतात आणि स्क्रूने बसवतात. वाटी फार वर असेल तर तो खाली घेतात.

३) खोबणच उथळ असेल तर: निवडक रुग्णांत ती खोल करतात. ही शस्त्रक्रिया अवघड आहे.

कधीकधी यांतल्या दोन एकत्र कराव्या लागतात. वाढत्या वयात हाडांच्या टोकांजवळ वाढपट्ट्या असतात. त्यांना धक्का लागला तर पाय वाकडा वाढू शकतो. म्हणून नडगीचा उंचवटा हलवणं शक्यतो वाढ पूर्ण होईपर्यंत टाळतात.

शस्त्रक्रियेनंतर फिजिओथेरपी महत्त्वाची. मांडीचे स्नायू पुन्हा बळकट व्हायला आणि मैदानावर परतायला काही महिने लागतात.

मित्रांनो, वर्गातली एखादी मैत्रीण "माझी वाटी सरकते" म्हणाली, तर "नाटक करते" असं म्हणू नका. प्रत्येक वेळी वाटी सरकताना कूर्चा खरवडली जाऊ शकते आणि झिजलेली कूर्चा सहजासहजी भरून येत नाही. ही गोष्ट शिक्षकांना आणि तिच्या घरी सांगा.

विचार करा: एकाच त्रासासाठी दोन रुग्णांवर वेगवेगळी शस्त्रक्रिया का होऊ शकते? तुमच्या शब्दांत पाच ओळी लिहा.