सीटखालची नळी

मंचर,
आश्विन शुद्ध पंचमी

चि. छोटीस,


दिवाळीच्या सुट्टीत मैत्रिणींबरोबर जुन्नरहून आपटाळे, चावंड, घाटघर करत नाणेघाटापर्यंत सायकलने जाणार, असं ताई म्हणाली. जरूर जा. फक्त निघण्याआधी सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची नळी, एकदा पूर्ण बाहेर काढून बघ. ब्रेक, हवा, चेन सगळेच बघतात. ही नळी मात्र वर्षानुवर्षं आतच राहते, आणि तुझा सगळा भार तिच्या न दिसणाऱ्या भागावर असतो.

तुझी उंची वाढली तशी सीटही वर वर गेली असणार, म्हणून मला जास्त काळजी. आधी क्लॅम्पच्या, म्हणजे नळी आवळणाऱ्या कड्याच्या, वर लगेच चिकटपट्टीची खूण कर. मग ॲलन कीने बोल्ट सैल करून नळी फिरवत वर ओढ. खालच्या बाजूला कोरलेली रेघ दिसेल. ती फ्रेमच्या आत राहिलीच पाहिजे. पुसली गेली असेल तर निदान दहा सेंटिमीटर नळी आत, आणि तिचं टोक आडव्या दांड्याच्या जोडाखाली, एवढं धर. आत कमी असली की खड्ड्याचा प्रत्येक दणका फ्रेमचं तोंड पहारीसारखं उचकटतो. उंची पुरत नसेल तर लांब नळी घे, आहे तीच ताणू नकोस.

आपल्याकडे घाटाकडच्या गावांत पाऊस फार. मडगार्ड नसलं की मागच्या चाकाचं पाणी क्लॅम्पच्या फटीतून आत जातं. फ्रेमला चुंबक चिकटला आणि नळीला नाही, तर फ्रेम लोखंडी आणि नळी ॲल्युमिनियमची. हे दोन धातू ओलाव्यात एकमेकांना लागून राहिले की ॲल्युमिनियम गंजतं, पांढरी भुकटी धरते आणि नळी जाम होते. दोन्हीकडून पुसून पातळ ग्रीस लाव. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा. (कार्बनच्या नळीला ग्रीस चालत नाही, तुझी तशी नाही.)

नळी उन्हात धर. क्लॅम्पच्या जागेवर, बहुधा पुढच्या बाजूने, केसाएवढी चीर पडते, नखाला लागते. सीट जिथे बोल्टने धरली आहे तिथेही बघ. लोखंड बऱ्याचदा आधी वाकतं. ॲल्युमिनियम एकदम तुटतं आणि तुटका खुंट तसाच वर राहतो. चीर दिसली की ती नळी बाद. वेल्डिंग नको. सैल बसते म्हणून डब्याचा पत्रा गुंडाळणंही नको. नळीवर २७.२ किंवा ३१.६ असं मिलिमीटरमध्ये माप असतं, पण ती सैलच असेल तर ते माप फ्रेमचं नव्हे. दुकानात फ्रेमचं तोंड मोजून घे.

परत बसवल्यावर सीट दोन्ही हातांनी पिळून बघ, गतिरोधकावरून चक्कर मार, आणि नळी खाली घसरली का ते तपास. नळी निघालीच नाही तर हातोडा घालू नकोस. रविवारी मी येतोच आहे, मिळून काढू.

तुझा,
मामा