जठर काढल्यावर माणूस जेवतो कसा?

प्रश्न : माझ्या मामांना जठराचा कॅन्सर निघाला आहे. डॉक्टर आधी केमो आणि मग पूर्ण जठर काढायचं म्हणतात. गावात लोक सांगतात, चाकू लागला की रोग पसरतो. आणि जठरच नसेल तर माणूस जेवणार कसा? ऑपरेशन जळगावात करावं की मुंबईला न्यावं?
– एक वाचक, पाचोरा

उत्तर : मामा जेवतील, आणि तोंडानेच जेवतील. जठर हे मुख्यतः अन्नाचं कोठार आहे. पचनाचं बरंचसं काम लहान आतडं करतं. जठर काढल्यावर सर्जन लहान आतडं वर ओढून थेट अन्ननलिकेला जोडतात. झुरिकच्या कार्ल श्लाटर यांनी 1897 मध्ये हे पहिल्यांदा यशस्वी केलं, आणि ती रुग्ण त्यानंतर वर्षाहून जास्त जगली.

कोठार गेल्यामुळे सवयी मात्र बदलाव्या लागतात. एका बैठकीला अर्धी भाकरी, पण दिवसातून सहा-सात वेळा. पाणी जेवणासोबत नको, मधल्या वेळात. गोड एकदम खाल्लं तर घाम, धडधड, चक्कर येते. शेवभाजीची तर्री काही महिने लांबच ठेवावी. वजन घटतं, त्याची तयारी ठेवा. ब जीवनसत्त्वाचं, म्हणजे बी-12 चं इंजेक्शन आयुष्यभर घ्यावं लागतं, कारण ते शोषून घ्यायला लागणारं प्रथिन जठरातच तयार होतं. हे इंजेक्शन घरचे लोक वर्षभराने विसरतात. तुम्ही विसरू नका.

चाकूची भीती उशिरा आलेल्या रुग्णांमुळे पसरली. रोग आधीच पसरलेला होता, दोष ऑपरेशनवर आला. आधी केमो देतात म्हणजे डॉक्टर टाळाटाळ करतात, असंही नाही. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात नुसतं ऑपरेशन केलेल्या रुग्णांपैकी 23 टक्के पाच वर्षांनी हयात होते. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर केमो दिलेल्यांपैकी 36 टक्के. त्यानंतर औषधं आणखी सुधारली. रोग अगदी सुरुवातीला सापडला तर निकाल याहून पुष्कळ चांगला लागतो.

आता जळगाव की मुंबई? माझ्या मते शहरापेक्षा सर्जनचा आणि रुग्णालयाचा सराव महत्त्वाचा. अमेरिकेत 2002 मध्ये अन्ननलिकेच्या कॅन्सरच्या ऑपरेशनांची पाहणी झाली. जिथे ती क्वचितच होत, तिथे सुमारे 20 टक्के रुग्ण दगावले. जिथे नेहमी होत, तिथे सुमारे 8 टक्के. जठराच्या बाबतीत फरक कमी, पण दिशा तीच. म्हणून सर्जनना सरळ विचारा, ‘अशी ऑपरेशनं वर्षाला किती करता?’ आपल्याकडे असं विचारणं उद्धटपणाचं वाटतं, तरी विचाराच. चांगला सर्जन रागावणार नाही.

एंडोस्कोपी, बायोप्सी, सीटी स्कॅन जळगाव-धुळ्यातच होतात. मोठ्या ऑपरेशनसाठी छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय किंवा परळचं टाटा मेमोरियल हे सरकारी पर्याय आहेत. उपचाराला जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेत स्लीपरचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबत्यालाही मोठी सवलत मिळते. त्याचा फॉर्म रुग्णालयाकडून भरून घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राला भेटा, तेही ऑपरेशनच्या आधी.

इतर वाचकांना एकच विनंती. घास अडकत असेल, वजन विनाकारण उतरत असेल किंवा शौचाला काळी होत असेल, तर पित्ताच्या गोळ्यांवर महिने काढू नका. एंडोस्कोपी करून घ्या.