जलद पेटी आणि जपलेली पत्रे

मंडळी, पोस्टाचे पत्र आले की आपण काय करतो? वाचतो आणि तारेला टोचून ठेवतो. तार भरली की जुनी पत्रे पेटीत जातात. कामाचे पत्र कोणी फेकत नाही.

ई-मेल हेही पत्रच. फक्त त्याला कागद नसतो. ते प्रथम दूरच्या एका मोठ्या संगणकावर येते. त्याला सर्व्हर म्हणतात. तेथून पत्रे आपल्या टेबलावरच्या संगणकात आणून ठेवणारे प्रोग्राम असतात. थंडरबर्ड हा त्यांतला एक. त्याची पहिली पक्की आवृत्ती २००४ साली निघाली. तो फुकट मिळतो. इंटरनेट बंद असले तरी आणून ठेवलेली पत्रे वाचता येतात. खेड्यातल्या कचेरीला हे सोयीचे आहे.

संगणकात ही पत्रे राहतात कोठे? पूर्वी ती हार्ड डिस्कवर राहत. तिच्या आत चकती गरगर फिरते. आता बहुतेक नव्या संगणकांत एसएसडी असते. तिच्यात काहीच फिरत नाही. नुसत्या चिपा असतात. आवाज नाही, घरघर नाही. हजारो पत्रांतून एक पत्र चटकन सापडते.

आमच्या कचेरीत आम्ही अशी एसएसडी बसवली. काम भराभर होऊ लागले. आम्ही खूश झालो.

त्या साली अवकाळी पाऊस झाला. शेतकऱ्यांनी आडव्या पिकांचे फोटो काढले आणि आमच्याकडे ई-मेलने पाठवले. भरपाईच्या अर्जाला ते जोडायचे होते. थंडरबर्ड ते फोटो आमच्या संगणकात आणी आणि काही दिवसांनी सर्व्हरवरून काढून टाकी. आम्हीच तसे ठरवून दिले होते.

एके दिवशी सकाळी संगणक सुरूच होईना. एसएसडी गेली होती. आदल्या दिवसापर्यंत कसली खूण नव्हती. दुरुस्तीवाल्याने हात टेकले.

एक आक्का आल्या. म्हणाल्या, "फोटो पुन्हा काढू की!" पण काढणार कशाचे? शेत नांगरून झाले होते. मोबाइलमधले फोटो अनेकांनी पुसले होते. ज्यांच्याकडे होते त्यांचे अर्ज पुरे झाले. बाकीच्यांपुढे मान वर करायला आम्हाला लाज वाटली. चूक आमची होती. पेटी जलद होती, पण पत्रांची नक्कल नव्हती.

तेव्हापासून आम्ही चार गोष्टी पाळतो.

पहिली गोष्ट. नक्कल ठेवायची. थंडरबर्डची सारी पत्रे एका फोल्डरमध्ये असतात. त्याला प्रोफाइल म्हणतात. आठवड्यातून एकदा आम्ही थंडरबर्ड पूर्ण बंद करतो. मग प्रोफाइलची नक्कल बाहेरच्या डिस्कवर घेतो. ती डिस्क दुसऱ्या घरी ठेवतो. एकाच घरात दोन्ही ठेवल्या आणि आग लागली, तर दोन्ही जातील. महिन्यातून एकदा नक्कल उघडूनही पाहतो. न उघडणारी नक्कल काय कामाची?

दुसरी गोष्ट. पत्रे सर्व्हरवरही राहू द्यायची. आयमॅप नावाची पद्धत निवडली की मूळ पत्र तिकडेच राहते. पण ध्यानात ठेवा, येथे पुसले की तिकडचेही पुसले जाते. म्हणून आयमॅप असले तरी नक्कल हवीच.

तिसरी गोष्ट. वही स्वच्छ ठेवायची. थंडरबर्ड साधारणपणे एका फोल्डरची सारी पत्रे एकाच फाइलमध्ये लिहितो. पत्र पुसले तरी ते फाइलमधून लगेच जात नाही. वहीतल्या ओळीवर काट मारावी तसे होते. ओळ दिसत नाही, पण जागा अडवते. फोल्डर कॉम्पॅक्ट करणे म्हणजे काट मारलेल्या ओळी सोडून नवी वही उतरवणे. नव्या वहीला जागा लागते. म्हणून एसएसडी काठोकाठ भरू नये. आम्ही दर सालची पत्रे वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो. वह्या लहान राहतात.

चौथी गोष्ट. वीज सांभाळायची. वही उतरवताना दिवे गेले, तर लिखाण अर्धवट राहते. म्हणून यूपीएस बसवा. संगणक बटण दाबून एकदम मारू नका. आधी थंडरबर्ड बंद करा, मग संगणक. कधी पत्रांची यादी बिघडली तर घाबरू नका. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये रिपेअर फोल्डर असते. ते यादी नव्याने मांडते.

कोणी म्हणतात, "एसएसडीवर फार लिहिलं की ती झिजते. पत्रं ठेवू नयेत." झिजते हे खरे. पण हिशेब करून पाहा. २५० जीबीच्या काही एसएसडींवर कंपन्या १५० टीबी लिखाणाची हमी देतात. म्हणजे सुमारे १,५०,००० जीबी. रोज २० जीबी लिहिले तरी ७,५०० दिवस झाले. वीस वर्षे! आपली पत्रे रोज एवढी कोठून येणार? झिजेची चिंता सोडा. एसएसडी झिजायच्या आधीही अचानक बंद पडू शकते. चिंता त्याची करा.

आपल्या गावच्या सोसायटीत, बचत गटात संगणक असेल. तेथे जाऊन एकच विचारा, "आमच्या पत्रांची नक्कल कोठं आहे?" उत्तर मिळाले नाही, तर आजच नक्कल करून घ्या.

प्रश्न
१. आमचे फोटो सर्व्हरवर का उरले नाहीत?
२. नक्कल दुसऱ्या घरी का ठेवावी?
३. कॉम्पॅक्ट करणे म्हणजे काय?
४. तुमच्या गावात कोणाची कागदपत्रे संगणकात आहेत? त्यांची नक्कल आहे का? विचारून लिहा.