कडक भाकरी आणि दातांच्या तारा

दातांना तारा बसवल्या की दवाखान्यातून एक छापील कागद हातात पडतो, काय खाऊ नये याचा. आमच्या मुलाच्या कागदावर पॉपकॉर्न, च्युइंगम, टॉफी, चिप्स, बर्फ आणि अख्खं सफरचंद होतं. कडक भाकरीचं नाव नव्हतं. सोलापुरातल्या घराला असला कागद पुरत नाही. पॉपकॉर्न आमच्याकडे सिनेमाला गेलं तर. कडक भाकरीची चवड मात्र डब्यात कायम. मुलाने नेहमीसारखा एक तुकडा समोरच्या दातांनी मोडला आणि खालच्या दातावरचं ब्रॅकेट सुटून तारेवर लोंबकळायला लागलं.

ते का सुटतं हे डॉक्टरांनी समजावलं, तेव्हा अर्धं पथ्य आपोआप कळलं. दातावर आम्ल लावून त्याचा पृष्ठभाग किंचित खरखरीत करतात आणि त्यावर रेझिनने ब्रॅकेट चिकटवतात. आम्लाची ही युक्ती अमेरिकेतल्या मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ साली दाखवली. त्याआधी दाताभोवती धातूचं कडंच बसवावं लागे. चिकटवण्याची ताकद बेताचीच ठेवलेली असते, कारण शेवटी ब्रॅकेट काढताना दाताचं एनॅमल उचकटून चालणार नाही. म्हणजे ते सुटू शकतं असंच बनवलेलं आहे. मात्र सुटलं की तो दात तेवढे दिवस जागचा हलत नाही आणि उपचार लांबतात.

तेव्हा खरा प्रश्न ‘काय’पेक्षा ‘कसं’चा आहे. समोरच्या दातांनी तोडणं बंद, एवढं एक जमलं तर निम्मी दुरुस्ती वाचते. कडक भाकरी बंद करायची गरजच पडली नाही. ती चुरून, वर शेंगांची किंवा उडदाची आमटी ओतून, पाच मिनिटं झाकून ठेवायची. सासूबाईंची कवळी आहे, त्या कित्येक वर्षं तशीच खातात; नातवाला त्यांनीच ताटात कालवायला शिकवलं. पेरू, सफरचंद, काकडी, गाजर यांच्या पातळ चकत्या, त्याही दाढेने खायच्या. पोळीची गुंडाळी डब्यात देऊ नये, मुलं ती पुढच्या दातांनीच ओढतात. शंकरपाळ्याएवढे तुकडे करून द्यावेत. मटणाचं हाडूक आणि मक्याचं कणीस मात्र काढून टाकलेलंच बरं. अभ्यास करताना पेन चावणारं पोर असेल तर त्यालाही हाच नियम.

तार बदलून आणली की काही तासांनी ठणका सुरू होतो, दुसऱ्या दिवशी तो सगळ्यात जास्त असतो आणि आठवडाभरात ओसरतो. हे दोन-तीन दिवस मूगडाळीची मऊ खिचडी, ताकभात, पिठलं, ज्वारीची आंबील, खपली गव्हाची खीर. गार ताकाने बरं वाटतं, त्याला कारणही आहे. सुरुवातीच्या तारा बहुतेक निकेल-टायटॅनियमच्या असतात आणि त्यातल्या अनेकींचा जोर गारव्याने थोडा वेळ सैलावतो. गालाला आतून फोड आले असतील तर शेंगाचटणी नुसती वाढू नका, लाल तिखट झोंबतं. दह्यात कालवून द्या. वेदनेची गोळी डॉक्टरांना विचारूनच.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. ठणक्याच्या दिवसांत घरात मऊ खाण्याचा सुकाळ झाला आणि ठणका गेला तरी तो सुकाळ गेला नाही. चहात बुडवलेली बिस्किटं, दुधात भिजवलेली खारी, केक, मिल्कशेक. पोरगं कुरकुर न करता खातंय म्हणून सगळे खूश. ब्रॅकेट एकही सुटलं नाही. पण पुढच्या एका तपासणीला डॉक्टरांनी तार ब्रॅकेटला धरून ठेवणारी रबरं काढली आणि आरशात दाखवलं: वरच्या दोन सुळ्यांवर, ब्रॅकेटच्या कडेने, हिरडीकडच्या बाजूला खडूसारखे पांढरे डाग. ती कीड लागण्याची पहिली पायरी. बिस्किटाचा लगदा ब्रॅकेटभोवती बसतो, तोंडातले जंतू त्यातल्या साखरेचं आणि पिठाचं आम्ल करतात आणि दातातलं खनिज झिरपून जातं. स्वच्छता राहिली नाही तर महिनाभरातही असे डाग दिसू लागतात आणि तारा निघाल्यावर उरतात. कडक भाकरीने मोडलेलं दहा मिनिटांत परत चिकटवून मिळालं, बिस्किटाने गेलेलं तसं परत मिळत नाही. त्या छापील कागदावर बिस्किटाचंही नाव नव्हतं, हे सांगून ठेवते.

गोड किती खाल्लं यापेक्षा दिवसातून कितीदा खाल्लं, हे जास्त नडतं. एका बैठकीत खाल्लेला शिरा परवडला, पण दुपारभर चघळलेली गोळी नको. आमच्याकडे आता गोड जेवणातच, मधल्या वेळी नाही. भूक लागली तर अंड्याची भुर्जी, पनीर, घट्ट वरणाची वाटी, ताक. मऊ खाण्यात प्रथिनं हमखास कमी पडतात आणि वाढीच्या वयात ते सोसत नाही. खाल्ल्यावर जिथे असेल तिथे खळखळून चूळ. रात्री फ्लोराइडच्या पेस्टने आरशासमोर उभं राहून ब्रश, आणि तारेखालून जाणारा बारीक ब्रश वेगळा. बारा-तेरा वर्षांचं पोर हे एकट्याने नीट करेल असं धरून चालू नये.

जानेवारीत आमची खरी परीक्षा असते. संक्रांतीचा तिळगूळ, सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा आणि शेतावरचा हुरडा, सगळं एकाच महिन्यात. यात्रेच्या होम मैदानावर मुलाला हात बांधून फिरवता येत नाही. तिळगुळाची वडी मऊ पाकाची घरी करावी, चिक्की आणि रेवड्या टाळाव्यात. कोवळा हुरडा चालतो, तारेत अडकतो तेवढाच. जून झालेला नको. ऊस सोलून खायचा नाही, बोरं बिया काढून. डाळिंब तर आमच्या जिल्ह्याचं पीक, इथे केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्रही आहे. दाणे तारेखाली बसतात म्हणून रस काढून गाळून द्यावा, पण एका दमात प्यायला लावावा आणि वर पाणी.

ब्रॅकेट सुटलंच तर ओढून काढू नका. दवाखान्यातून दिलेलं मेण त्यावर आणि टोचणाऱ्या तारेवर दाबा, फोन करा. पूर्ण निघालं असेल तर डबीत ठेवून सोबत न्या. गिळलं गेलं तर बहुधा काही होत नाही, पण खोकल्याची उबळ किंवा श्वासाला त्रास दिसला तर थेट रुग्णालय गाठायचं.

आणि रबरं निवडताना मुलं हौसेने पारदर्शक मागतात. आमटीतली हळद त्यांना फार दिवस पारदर्शक राहू देत नाही. करडी किंवा गडद निळी घ्या.