भिंतीवरचा व्हॅन गॉग केवढ्याला पडतो?

एखाद्या चित्रकाराच्या ‘इमर्सिव्ह’ प्रदर्शनाचं तिकीट काढण्याआधी एवढं पक्कं समजून घ्या की तिथे मूळ चित्र एकही नसतं. मोठा अंधारा हॉल, प्रोजेक्टरने भिंतींवर आणि जमिनीवर फिरवलेली चित्रं, जोडीला संगीत. चित्रकार व्हॅन गॉग 1890मध्ये गेला, त्याच्या चित्रांचा कॉपीराइट केव्हाच संपला. त्यामुळे त्याच्या नावाने कोणीही शो काढू शकतो, आणि बऱ्याच जणांनी काढलाही.

2021मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोन वेगळ्या कंपन्यांच्या, जवळपास सारख्याच नावांच्या शोंची तिकिटं एकाच वेळी विकली जात होती. शेवटी ‘बेटर बिझनेस ब्यूरो’ या ग्राहकहिताच्या संस्थेला लोकांना सावध करावं लागलं. म्हणून पैसे भरण्याआधी आयोजकाचं नाव, हॉलचा पूर्ण पत्ता आणि शो रद्द झाल्यास पैसे परत मिळण्याची अट वाचा. टोरांटोची लाइटहाउस इमर्सिव्ह ही या धंद्यातली मोठी कंपनी. तिनेही 2023मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणून तिकिटं बरेच महिने आधी काढून ठेवू नका.

आता खर्च. जाहिरातीतल्या दरापुढच्या ‘पासून’ या शब्दावर जाऊ नका. तो दर बहुधा आडवारचा, आडवेळेचा असतो. शनिवार-रविवारी जादा, हवी ती वेळ निवडायची तर आणखी जादा. बुकिंग शुल्क आणि कर शेवटच्या पानावर दिसतात. काही ठिकाणी व्हीआर (आभासी वास्तव) चष्माही असतो, त्याचे पैसे वेगळे असू शकतात. अमेरिकेत तर काही शोंत जमिनीवर बसायला उशीसुद्धा भाड्याने मिळायची! बाहेर पडताना दुकान लागतं, आणि मुलं बरोबर असली की ते टळत नाही. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला.

न्यूयॉर्कमध्ये या शोंचे दर 2021मध्ये 40 डॉलरच्या आसपास सुरू होत. त्याच शहरातल्या ‘मोमा’ संग्रहालयात व्हॅन गॉगचं खरं ‘स्टारी नाइट’ तेव्हा 25 डॉलरमध्ये दिसत होतं. पुढे तो दर 30 झाला, 16 वर्षांपर्यंतच्या मुलांना फुकट. चित्र जेमतेम 74 बाय 92 सेंटिमीटरचं, पण जवळून पाहिलं तर रंगाचे जाड थर उंचावलेले दिसतात. प्रोजेक्टरच्या भिंतीजवळ गेलात तर दिसते ती तुमचीच सावली.

तरी मजा नसते असं नाही. संग्रहालयात कंटाळणारी लहान मुलं इथे रमतात. जायचं तर आडवारी सकाळी जा, फिकट कपडे घाला (अंगावर तारे उमटतात, फोटो झकास येतात) आणि शोची एक फेरी संपल्यावर पुन्हा बसू देतात का ते विचारा. झगमगत्या प्रकाशाचा त्रास होत असेल, तर मात्र जाऊ नका.

2023मध्ये असा शो मुंबईतही आला होता. पुन्हा आला तर चौघांचा खर्च शेवटच्या पानावरचे आकडे धरून मांडा. त्याच मुंबईत काळा घोड्याच्या जहांगीर आर्ट गॅलरीत खरे रंग, खरे कॅनव्हास फुकट पाहता येतात. माझं मत विचाराल तर आधी तिथे जा.