पगार कमी असू दे, पण कोरा चेक कशाला?

प्रश्न : माझं जीएनएम यंदा पूर्ण झालं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशनही हातात आलं. पुण्यातल्या 120 खाटांच्या हॉस्पिटलने आयसीयूसाठी 16,500 रुपये देऊ केलेत, पण दोन वर्षांचा बॉण्ड आहे. आमच्या तालुक्यातल्या 20 खाटांच्या नर्सिंग होममध्ये 19,000 मिळतात, बॉण्ड नाही, शिवाय घरून येऊन-जाऊन करता येईल. मामा म्हणतात, सुप्रीम कोर्टाने नर्सला 20,000 ठरवून दिलेत, त्याच्या खाली जाऊच नकोस. शिक्षणाच्या कर्जाला बाबाही सहकर्जदार आहेत, हप्ते पुढच्या वर्षी सुरू होतील. मला एम्सची परीक्षा द्यायची आहे. पुण्यात जॉइन होताना मूळ सर्टिफिकेटं आणि सही केलेला एक चेक जमा करायचा आहे, सगळेच देतात म्हणे. कमी पगाराची नोकरी घ्यावी का?
– एक वाचक, जि. सांगली

उत्तर : तुम्ही पगाराचं विचारलंत आणि खरी काळजीची गोष्ट ‘सगळेच देतात म्हणे’ म्हणून शेवटी उरकून टाकलीत. तिच्याकडे येतोच. आधी पगार.

मामांचा आकडा हवेतला नाही. सुप्रीम कोर्टाच्या 2016 च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने 50 पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला किमान 20,000 द्यावेत असं सुचवलं होतं. ती शिफारस आहे. ती दाखवून एचआर पगार वाढवत नाही.

तुमचा हिशोबही अर्धाच आहे. फरक 2,500 चा नाही. पुण्यात कॉट बेसिसवर जागा आणि मेस मिळून साडेसात हजार धरले, तर महिन्याला दहा हजारांचा फरक पडतो, दोन वर्षांत 2,40,000. हॉस्पिटलचं हॉस्टेल आहे का आणि 16,500 हे पीएफ कापून हातात येणारे आहेत की कापायच्या आधीचे, एवढं आजच विचारा.

इतकं सोसूनही मी पुण्याच्याच बाजूने आहे. एम्सच्या नॉरसेट या भरती परीक्षेला बी.एस्सी. नर्सिंगवाल्यांकडे अनुभव मागत नाहीत. जीएनएमवाल्यांकडे मागतात, आणि तो किमान 50 खाटांच्या रुग्णालयातला, दोन वर्षांचा. तालुक्यातल्या 20 खाटांवर तुम्ही पाच वर्षं काढलीत तरी त्या अर्जापुरती ती शून्य. एम्समध्ये सुरुवातीचं मूळ वेतनच 44,900 आहे. परीक्षा अवघड आहे, निघेलच असं नाही. पण आयसीयूचा अनुभव दुसरीकडेही विकला जातो. खाटांचा आकडा मात्र एचआरच्या तोंडून घेऊ नका. नर्सिंग होम नोंदणीचं प्रमाणपत्र रिसेप्शनजवळ लावलेलं असतं, ते वाचा. आणि नेमणूकपत्रावर ‘स्टाफ नर्स’ असं पद हवं. ‘ट्रेनी’ लिहिलेले महिने पुढे मोजून घेताना भांडावं लागतं.

आता चेक. माझ्याकडे येणाऱ्या मुलींची कहाणी ठरलेली असते. दुसरीकडे निवड होते, कागदपत्रं तपासायची तारीख आठ दिवसांवर येते आणि मूळ मार्कलिस्ट, रजिस्ट्रेशन सगळं जुन्या हॉस्पिटलच्या कपाटात. एचआर म्हणतं, बॉण्डचे पैसे भरा आणि घेऊन जा. पदवी-रजिस्ट्रेशन ही काही तारण ठेवायची वस्तू नाही, कोर्टात गेलात तर ती परत मिळतील. पण आठ दिवसांत नाही. हॉस्पिटलला हे पक्कं ठाऊक असतं.

चेकचं प्रकरण याहून वाईट. मुलींना वाटतं, रक्कम मी लिहिलीच नाही तर माझी जबाबदारी कसली? सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये बीरसिंग विरुद्ध मुकेशकुमार खटल्यात स्पष्ट सांगितलंय : सही करून स्वखुशीने दिलेल्या कोऱ्या चेकवर रक्कम दुसऱ्याने भरली, तरी तो देणं फेडण्यासाठीच दिला असं कायदा गृहीत धरतो. तसं नव्हतं हे पुराव्याने दाखवायचं काम तुमचं. उद्या त्यावर तीन लाख लिहून बँकेत टाकला आणि तो परत आला, तर चेकसंबंधीच्या कायद्यातल्या कलम 138 ची नोटीस येते, पैसे भरायला पंधरा दिवस मिळतात, त्यानंतर फौजदारी तक्रार. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘स्टॉप पेमेंट देऊ की’ हा मैत्रिणींचा सल्ला कुचकामी आहे, पेमेंट थांबवलेल्या चेकलाही हेच कलम लागतं. म्हणजे नोकरी सोडण्याचा साधा दिवाणी वाद एका सहीने फौजदारी होतो.

बॉण्ड बेकायदा असतात, खुशाल सही करा, असं सांगणारेही भेटतील. ऐकू नका. मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्याबद्दलचा दोन लाखांचा बॉण्ड वैध ठरवला. अर्थात ती सरकारी बँक होती, भरतीचा खर्च मोठा होता. करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे वाजवी भरपाईच मिळते, बॉण्डवर छापलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. तुमच्या पत्रात बॉण्डची रक्कमच नाही. तुम्ही ती विचारलीच नसावी. दर महिन्याला ती कमी होते का, आणि ‘जामीनदार’ म्हणून बाबांची सही मागितली आहे का, हेही बघा. जामीनदाराकडून पूर्ण रक्कम वसूल करता येते, आणि बाबांच्या डोक्यावर एक कर्ज आधीच आहे.

तेव्हा एचआरला ईमेल करा, फोन नको. मूळ कागद पडताळणीसाठी दाखवते, साक्षांकित प्रती ठेवा. चेक देणार नाही. बॉण्डचा मसुदा दोन दिवस आधी पाठवा. चेकवाचून अडूनच बसले, तर तडजोड एकच : नाव, तारीख आणि बॉण्डइतकीच रक्कम तुमच्या अक्षरात, सोबत ‘बॉण्डच्या हमीपोटी, चेक क्रमांक अमुक’ असं पत्र आणि त्याच्या प्रतीवर त्यांची पोच. मलाही ती फारशी आवडत नाही. मूळ सर्टिफिकेटांवर तडजोड नाहीच. त्यावर अडले तर ती नोकरी सोडा आणि 50 खाटांच्या वरचं दुसरं हॉस्पिटल बघा. सांगली-मिरजेतच सुरुवात करा, कॉट बेसिसचे साडेसात हजारही वाचतील. तोवर तालुक्यातली नोकरी धरायला हरकत नाही, तिथे बॉण्ड नाही.

आधी गल्फला जाऊन मग बघू, असा विचार असेल तर तो सोडा. तिथेही आधी अनुभवच विचारतात.

हप्ता सुरू होण्याआधी बँकेत जाऊन सवलतीची मुदत नेमकी कधी संपते ते लेखी घ्या. त्या मुदतीतही व्याज चढत असतं. पहिल्या पगारापासून निदान तेवढं व्याज भरत गेलात तर हप्ता फुगणार नाही.